घर कोणाला, पाहुणा कोणाला

थंडीचा एकोणिसावा दिवस, वस्तीचे तेविसावे वर्ष

ग्वेन, तीन वर्षे तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. ही रोजनिशीही तेवढाच काळ कोरी आहे, तेव्हा फक्त बहिणीलाच टाळले असे समजू नकोस. लिहायला बसले की एका गोष्टीपाशी येऊन हात थांबायचा. ती गोष्ट सोडून बाकीचे लिहिणे म्हणजे खोटेच लिहिणे, असे वाटून मी वही मिटायची. आज ते जमणार नाही, कारण आज मृत्युपत्र करायचे आहे. वस्तीच्या कचेरीत त्याचा छापील फॉर्म मिळतो. त्यात माणसासाठी चार ओळी आहेत आणि पाचवी ओळ 'पाळीव प्राणी असल्यास' अशी आहे. मोइरूला त्या ओळीत घालायला मी तयार नाही, म्हणून या वहीतच लिहिते आणि तुला माझी व्यवस्थापक नेमते.

मी, नोरीन अ‍ॅन पावलचुक, वय सत्तेचाळीस, मूळ राहणार डॉफिन, मॅनिटोबा, सध्या राहणार नवे डॉफिन वस्ती, घर क्रमांक एकतीस, काम रिंकवर खेळासाठी बर्फ बसवण्याचे, हे मृत्युपत्र दुपारच्या जेवणानंतर, स्वतःच्या हाताने, कोणी न सांगता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टर इमेल्डा बोन यांनी लिहून दिले आहे. मला स्वतःला एवढी खात्री नाही, पण कायद्याला त्यांची पुरते. फुफ्फुसांविषयी त्यांनी लिहून काही दिले नाही, तोंडी सांगितले. बर्फ सुटायला लागेपर्यंत, म्हणाल्या. बर्फ कधी सुटतो हे या वस्तीत माझ्याइतके कोणाला कळत नाही. मी बारा आठवडे धरून चालले आहे.

कलम १. पृथ्वी सोडताना नवऱ्याच्या, म्हणजे डेलच्या, बरोबरीने केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. डेल यास माझ्याकडून काही नाही. हे वाक्य रागाने लिहिले आहे का, हे पाहण्यासाठी तीनदा खोडून पुन्हा लिहिले. राग सापडला नाही. तो मोइरूमुळे मला सोडून गेला असे वस्तीत म्हणतात, तेही खरे नाही. परतीच्या जहाजात त्याने आधीच नाव घातले होते. मला ते कळले मोइरू घरात आल्यावर, इतकेच.

कलम २. बँकेत जे असेल ते ग्वेनला. आईचे, बटाटा भरलेल्या पिरोगी लाटायचे लाटणेही तिलाच, जहाजवाल्यांनी नेऊ दिले तर. बर्फावर थेंब शिंपडायची पाठीवरची टाकी, खरवडणी, पातळी पाहायची पट्टी आणि तीन तापमापक जो कोणी माझ्या जागी येईल त्याला. त्याला एवढेच सांगावे की उत्तरेकडच्या कोपऱ्यातला बर्फ नेहमी खोटे बोलतो. खानावळीचा आचारी ऑस्कर थॉर्डारसन याला काही देता येत नाही, कारण तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला वाटा मिळत नाही. नऊ वर्षांत त्याने माझ्या वाट्याचे लोणी बरेच नेले आहे. तेच त्याचा वाटा समजावे. बाबांच्या झाडूविषयी पुढे लिहिले आहे.

कलम ३. घराविषयी. हेच खरे अवघड कलम आहे, आणि ते समजायला आधी मोइरू घरात कसा आला ते सांगावे लागेल. ग्वेनला कर्लिंग सांगायची गरज नाही. पण हा कागद आमचे मॅनेजर श्री. बोर्डेन वाचतील, आणि ते फ्लोरिडाचे आहेत. तर साहेब: वीस किलोचा गुळगुळीत दगड बर्फावरून हलकेच ढकलायचा. त्याच्या पुढे दोघांनी झाडूने बर्फ घासत पळायचे, म्हणजे तो थोडा अधिक लांब जातो. शेवटी वर्तुळाच्या मध्याजवळ ज्याचा दगड, त्याची सरशी. खेळ संपला की जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पहिला ग्लास पाजायचा. हा नियम कुठे छापलेला नाही, पण माझ्या गावी बाकीचे सगळे नियम मोडले तरी हा कोणी मोडत नाही.

अकरा वर्षांपूर्वी आमचा आणि थाऊ लोकांचा पहिला सामना झाला. इथले मूळचे लोक ते. थाऊ माणूस कपाटाएवढा असतो, त्याला चार पाय असतात आणि तो ऐकतो तळपायांनी. झाडूऐवजी ते पायाने बर्फ घासणार म्हणाले, तेव्हा पाय हा झाडू धरावा की नाही यावर आमची समिती सात महिने बसली. शेवटी चारपैकी एकच पाय झाडू धरायचा आणि तो कोणता हे आधी लिहून द्यायचे, असे ठरले. त्यांच्याकडचीही एक रीत होती, ती आम्ही विचारली नव्हती. चांगल्या फेकीला आपण टाळ्या वाजवतो, ते खाली बसतात, मग फेक कोणाचीही असो. शेवटच्या दगडाला त्यांचे तीनशे प्रेक्षक एकदम खाली बसले आणि पूर्वेकडचा मंडप खचला. कोणी दगावले नाही, पण दुसऱ्याच दिवशी श्री. बोर्डेन यांनी दोन्ही लोकांमधल्या सामन्यांवर बंदी घातली. ती आजही आहे. तिच्याविरुद्ध मी एकूण सव्वीस अर्ज केले, आणि प्रत्येकाला 'विचाराधीन' असे उत्तर आले. साहेब, हे मी मनात ठेवलेले नाही असे लिहिणार होते, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

तो सामना आम्ही जिंकलो. मी रिवाजाप्रमाणे त्यांच्या कप्तानाला म्हटले, "चला, आता पहिला ग्लास आमच्याकडून." तो मोइरू. तो साखरेचे पाणी प्याला, उठून गेला, आणि संध्याकाळी आमच्या दारात उभा राहिला.

"काही विसरलं का?" मी विचारले.

"नाही. आणलंय सगळं."

"काय सगळं?"

"अंथरूण," मोइरू म्हणाला, आणि गुंडाळी पुढे केली.

डेल आतून म्हणाला, "नोरीन, हा म्हणतोय तू त्याला जेवायला घालणार आहेस."

"मी एक ग्लास म्हणाले होते."

"मग त्याला विचार, ग्लास म्हणजे किती दिवस."

विचारले. हरणे खरे असेल तोपर्यंत, असे त्याचे उत्तर होते. थाऊंमध्ये जिंकलेला हरलेल्याला खाऊ घालतो तो एकदाच नाही. हरलेला त्याचा पाहुणा होतो, पुढचा सामना त्याच दोन बाजूंमध्ये होऊन निकाल फिरेपर्यंत. तोवर त्याला स्वतःच्या घरात पाय ठेवता येत नाही, कारण तिथे त्याची जागा बंद झालेली असते. त्याच्या बाजूचे बाकीचे तिघे सुटले, कारण ग्लास मी फक्त कप्तानाला देऊ केला होता. आता सामन्यावर बंदी आहे आणि माझ्या बाजूच्या तिघांपैकी दोघे परतीच्या जहाजाने गेले, लिओना तर वारली. म्हणजे निकाल फिरवणारा सामना आता कधीच होऊ शकत नाही.

तेव्हापासून मोइरू माझ्या मागच्या खोलीत राहतो. पहिल्या वर्षी त्याने अंगाचा साबण खाल्ला आणि चव विचारल्यावर सभ्यपणे खाली बसला. मला जमीन दुरुस्त करून घ्यावी लागली. आता तो माझ्यापेक्षा बऱ्या पिरोगी करतो. मला यजमानीणबाई म्हणतो. मी सांगून पाहिले की नुसते नोरीन म्हण. तो म्हणाला, "ते तुमचं नाव झालं. तुम्ही माझ्या कोण, ते त्यात येत नाही."

रोज संध्याकाळी वस्तीतली यंत्रे बंद झाली की तो मागच्या अंगणात जाऊन चारही तळवे जमिनीवर टेकवून उभा राहतो. त्याचे घर कड्यापलीकडे दीड दिवसाच्या वाटेवर आहे. तिथली पावले त्याला ऐकू येतात. आत येऊन तो मला बातमी सांगतो.

"आज जेवणं उशिरा झाली त्यांची."

"धाकटा काय करतोय?"

"पळतोय. टाचेवर जोर देतो, आईसारखा. तिनं त्याला सांगायला हवं, गुडघे जातील."

अशी अकरा वर्षे. गेल्या थंडीत एकदा आत आला आणि म्हणाला, "आज ती चालली नाही."

मी म्हटले, "झोपली असेल रे."

"हो."

दुसऱ्या दिवशी, "आजही नाही." चौथ्या दिवशी तो बराच वेळ बाहेर होता. आत आल्यावर म्हणाला, "बरेच पाय आलेत घरी. सगळे हळू चालतायत." मग त्याने हात धुतले आणि विचारले, "यजमानीणबाई, बटाटे किती सोलू?"

मी सहा म्हटले. सहा कशाला म्हटले ते माहीत नाही. आम्हाला चार लागतात.

तर घराचा प्रश्न असा. थाऊंच्या रीतीने यजमान मेला तर पाहुणा त्या घराबरोबर नव्या मालकाकडे जातो. म्हणजे माझ्यामागे घर ज्याचे, मोइरू त्याचा. वस्तीच्या नियमाप्रमाणे थाऊ माणसाच्या नावाने घर होत नाही, आणि वारस इथे नसेल तर घर वस्तीकडे परत जाते. श्री. बोर्डेन यांना ते बटाट्यांचे कोठार म्हणून हवे आहे. मी त्यांना विचारले, "आणि मोइरूचं काय?"

ते म्हणाले, "बाई, मी कुठं त्याला हाकलतोय? राहू दे की. बटाट्यांना त्याचा काय त्रास?"

त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. तेच मला जास्त लागले. थाऊ माणूस दीडशे वर्षे जगतो, आणि मोइरू अजून साठीचाही नाही.

घर डॉक्टर बोन यांना द्यावे असे आधी वाटले होते. त्या मोइरूला जीव लावतील. पण मग मी विचारले स्वतःला, की चांगली यजमानीण शोधून देणे म्हणजे त्याला सोडवणे आहे का? की नुसतेच माझ्या मनाचे समाधान? हे कलम म्हणून इथे अर्धवट ठेवते.

कलम ४. हे कलम वेगळ्या पाकिटात घालून, माझ्यामागे मोइरूला वाचून दाखवावे, असे ठरवून लिहायला घेतले आहे.

शेवटच्या दगडाच्या वेळी दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. दगड लिओनाने सोडला होता आणि मी त्याच्या पुढे घासत पळत होते, हातात बाबांचा जुना झाडू. दगड मंदावला. मी जोर केला, आणि झाडूची कड दगडाला लागली. नखाएवढी. आवाज झाला तो माझ्याखेरीज कोणाच्या कानी गेला नसेल. आपल्या खेळात याला पंच शिट्टी मारत नाही. ज्याचा झाडू लागला त्याने स्वतः हात वर करायचा आणि सांगायचे, मग तो दगड उचलतात. ग्वेन, तुला आठवत असेल, बाबांनी प्रांताच्या अंतिम सामन्यात हात वर केला होता आणि त्या हाताने सामना घालवला होता. घरी येताना त्यांनी पेट्रोल पंपावर आपल्याला डोनट घेऊन दिले आणि डॉफिन येईपर्यंत गुणगुणत गाडी चालवली. मला तेव्हा वाटले होते, हरल्यावर माणूस असाच खूश होतो.

मी हात वर केला नाही. दगड मध्याजवळ जाऊन थांबला. तो उचलला असता तर सर्वात जवळचा दगड मोइरूचा होता. मग थाऊ बसले, मंडप खचला, आणि मी मनाशी म्हटले, माणसे बाहेर काढू, मग सांगते. मग ग्लास झाला. मग अंथरूण आले. पहिले वर्ष मी शरमेने गप्प राहिले, हे समजण्यासारखे आहे. पुढची दहा वर्षे मी का गप्प राहिले, हे लिहिता येईना म्हणून ही वही तीन वर्षे कोरी राहिली आहे. डेल गेल्यावर घरात दुसरे कोणी नव्हते. मोइरू सकाळी चहाचे पाणी ठेवायचा आणि मी उठले की नाही हे जमिनीवरून ओळखायचा. मी सांगितले असते तर तो गेला असता. एवढेच कारण आहे. त्याची बायको कड्यापलीकडे चालत होती आणि मी माझ्या चहासाठी गप्प होते.

दर वर्षी सामन्याच्या दिवशी तो जेवण झाल्यावर मला विचारतो, "तो शेवटचा दगड चांगला गेला, नाही का?"

मी म्हणते, "बरा गेला."

तो क्षणभर थांबतो, मग सावकाश खाली बसतो. मी ती दाद समजत आले.

दोन महिन्यांपूर्वी ऑस्करची लोण्याची गोष्ट उघड झाली. त्यानेच येऊन सांगितली, रडत. तो गेल्यावर मी मोइरूला विचारले, "तुला माहीत होतं?"

"ऐकलं होतं. डबा उचलला की त्याचा डावा पाय जड पडतो."

"नऊ वर्षं? मग मला बोलला का नाहीस?"

"ज्याचं असतं त्यानं सांगायचं असतं, यजमानीणबाई. मी सांगितलं तर ते माझं होतं."

त्या सामन्यात मोइरू वर्तुळामागे उभा होता, चारही तळवे बर्फावर. दीड दिवसाच्या वाटेवरून जो पोराची टाच ओळखतो, त्याला तीस पावलांवरचा झाडू ऐकू आला नसेल का? मला माहीत नाही. गेले दोन महिने मी हा एकच प्रश्न उलटसुलट करते आहे. त्याला माहीत असेल, तर तो दर वर्षी मला एकदा दार उघडून देत होता, आणि मी 'बरा गेला' म्हणून ते लावत होते.

कलम ५. कलम ४ रद्द.

आत्ता, हे लिहिता लिहिता, मोइरू स्वयंपाकघरात कोबी चिरत होता, तेव्हा मी सहज विचारल्यासारखे विचारले, "तुमच्यात मेलेल्या माणसानं लिहून ठेवलेलं चालतं का रे? म्हणजे एखादी चूक कबूल केलेली वगैरे."

तो म्हणाला, "मेलेल्याला पाय नसतात."

"म्हणजे?"

"म्हणजे उभा कुठं राहून बोलणार? चूक जिथं झाली तिथं अनवाणी उभं राहून बोलायचं. ऐकणाऱ्याच्या पायांना कळलं पाहिजे, बोलणारा थरथरतोय की नाही." मग थोडा वेळ सुरी चालली. "लिहिलेलं काय, कुणीही लिहितं."

"आणि बर्फ असेल तर?"

सुरी थांबली. तो माझ्याकडे वळला नाही. "बर्फ असेल तर लवकर बोलावं," तो म्हणाला. "पाय गारठतात."

म्हणजे पाकिटाचा उपयोग नाही. मेल्यानंतर कबूल करण्याचा बेत सोयीचा होता, हेही इथे नोंदवते. वाचताना त्याचा चेहरा मला पाहावा लागला नसता.

कलम ६. घर, कलम ३ मध्ये अर्धवट ठेवलेले. मी जिवंत असताना, रिंकवर उभे राहून सांगितले, तर त्याचे हरणे खरे उरत नाही आणि सामन्यावाचूनच निकाल फिरतो. निकाल फिरला तर मोइरू जिंकलेला ठरतो आणि घर क्रमांक एकतीसमध्ये कोणी पाहुणा उरत नाही. मग ते घर खुशाल वस्तीला द्यावे. त्यात बटाटे ठेवावेत नाहीतर श्री. बोर्डेन यांच्या खुर्च्या.

निकाल फिरल्यावर हरलेली मी. त्यांच्या रीतीने मग मी त्याची पाहुणी होते, आणि त्याने मला कड्यापलीकडे नेऊन खाऊ घालायचे असते. हे ध्यानात आल्यावर मी अर्धा तास पेन खाली ठेवले होते. मी कबूल करते आहे ती त्याला सोडवायला, की शेवटचे बारा आठवडे एकटीने काढायला लागू नयेत म्हणून? प्रामाणिक उत्तर असे की मला दोन्ही वेगळे करता येत नाहीत. पण दुसऱ्यासाठी पहिले थांबवणे मी अकरा वर्षे करून पाहिले आहे, तेव्हा आता तो विचार पुरे. जिंकलेल्याला नको म्हणता येते का, हे मी त्याला कधी विचारले नाही. त्याच्या बायकोच्या शेवटच्या दिवसांत तो माझे बटाटे सोलत होता. तो नको म्हणाला तर ते मान्य आहे, आणि तसे झाल्यास मला रिंकच्या उत्तर कोपऱ्यामागे, जिथे लिओना आहे, तिथे पुरावे.

कलम ७. बाबांचा झाडू मोइरूला, त्याने घेतला तर. नाही घेतला तर जाळावा.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. जिथे स्वतःला बरे दाखवले होते तिथे दोन ठिकाणी खोडले आहे; त्या खोडाखोडीवर माझी सही आहे. खालील दोघांनी मजकूर न वाचता, फक्त मला सही करताना पाहून सही केली. मोइरूलाही सही करायची होती. मी म्हटले, "तुला चालणार नाही, तुझं नाव आहे यात." तो म्हणाला, "मग मी पाहतो नुसता," आणि दारात उभा राहिला, चारही तळवे जमिनीवर. ऑस्कर सही करताना कुजबुजला, "नोरीन, लोण्याचं नाही ना काही यात?" मी त्याला आहे म्हणून सांगितले.

सही: नोरीन अ‍ॅन पावलचुक

साक्षीदार: ऑस्कर थॉर्डारसन, आचारी
साक्षीदार: डॉ. इमेल्डा बोन (रुग्णाने थंडीत बाहेर पडू नये, असे मी तिला आज पुन्हा बजावले आहे.)

ठिकाण: घर क्रमांक एकतीस, नवे डॉफिन
दिनांक: वर लिहिल्याप्रमाणे

उद्याचे काम: मोइरूला घेऊन रिंकवर जाताना माझे अंथरूण गुंडाळून सोबत घेणे.